साठ वर्षांची बॉम्बर विमानं अजून उडतात ती कशी?

धानोरीची_आई

नमस्कार. आमचं घर लोहगावच्या धावपट्टीजवळ आहे. सुखोई डोक्यावरून गेलं की मांडणीतली भांडी वाजतात आणि फोनवरचं बोलणं अर्ध्यात थांबवावं लागतं. लेक अकरावीत आहे, एनडीएची परीक्षा द्यायची म्हणते. मुलींसाठी खडकवासल्याचं दार उघडल्यापासून तिच्या खोलीच्या भिंतीवर विमानांचीच चित्रं आहेत.

परवा जेवताना तिने विचारलं, "आई, अमेरिकेचं बी-५२ पहिल्यांदा १९५२ मध्ये उडालं. आज जी वापरात आहेत त्यातलं सगळ्यात धाकटं १९६२ मध्ये कारखान्यातून बाहेर पडलं. आणि ती २०५० च्या पुढेही उडवायची म्हणतात. कसं काय?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याच आठवड्यात आमची २०१० ची गाडी पुन्हा नोंदणीसाठी आरटीओत नेली होती. १५ वर्षं झाली म्हणून तपासणी आली, ग्रीन टॅक्स आला, दोन खेपा झाल्या. गाडी ६२ हजार किलोमीटरसुद्धा चाललेली नाही. मग बॉम्ब वाहून नेणाऱ्या विमानाला कुणी वय का विचारत नाही?

नेटवर शोधलं तर "नवं घेण्यापेक्षा स्वस्त पडतं" एवढंच सापडतं. लेकीला ते पटलं नाही, मलाही नाही. स्वस्त म्हणून कुणी आपल्या माणसांना धोक्यात घालेल का? शिवाय आपल्याकडे अशी जुनी बॉम्बर कधी होती का, तेही तिला हवं आहे. मी कॉमर्सची आहे, तेव्हा जरा समजेल असं लिहा.

जुना_फिटर

ताई, नमस्कार. तुमच्या लेकीने जे विचारलं त्यावर मी २४ वर्षं पोट भरलं आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची निगा राखणारा, होतो. १९७३ ला भरती झालो आणि १९७६ मध्ये लोहगावला कॅनबेरा या ब्रिटिश बनावटीच्या जेट बॉम्बरवर आलो. माझ्या हाती पहिलं विमान दिलं गेलं तेव्हा ते १८ वर्षांचं होतं आणि मी २१ चा. जवळजवळ एका वयाचे. त्याच्या पोटाखाली मी इतके तास काढले आहेत की आजही डोळे मिटले तर कुठला पॅनेल कुठल्या स्क्रूने बसतो ते बोटांना आठवतं.

आधी वयाचं बोलतो. विमानाचं वय कॅलेंडरवर मोजत नाहीत, वहीत मोजतात. प्रत्येक विमानाला त्याची एक वही असते, आम्ही तिला फॉर्म ७०० म्हणायचो. किती तास उडालं, किती वेळा उतरलं, कुठला भाग कधी बदलला, कुणी बदलला, कुणी तपासला, सगळं सहीनिशी. ती वही म्हणजेच विमानाचं खरं वय. आता बघा, प्रवासी विमान वर्षाला ३ हजार तास सहज उडतं, त्याला पैसे कमवायचे असतात. बॉम्बर वर्षाला काही शे तास उडतं. बी-५२ ने तर आयुष्याची कित्येक वर्षं धावपट्टीच्या कडेला अणुबॉम्ब लादून नुसतं उभं राहण्यात काढली. हुकूम आला तर काही मिनिटांत उडायचं, म्हणून वैमानिक शेजारच्या इमारतीत बुटांसकट झोपायचे. हा खडा पहारा १९९१ च्या सप्टेंबरमध्ये संपला. त्याच्या पंखाच्या वरच्या पत्र्याची मर्यादा ३२,५०० ते ३७,५०० तासांच्या दरम्यान धरलेली आहे आणि आजही त्यातली विमानं तिथपासून बरीच लांब आहेत. तुमच्या ६२ हजार किलोमीटरच्या गाडीसारखंच.

पण उभं राहणंही फुकट नसतं. पाणी हा विमानाचा खरा वैरी. लोहगावला जूनमध्ये पाऊस सुरू झाला की आमचं काम दुप्पट व्हायचं. पोटाच्या पत्र्याला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती धुळीने आणि ग्रीजने बुजतात. तारेने एकेक भोक मोकळं करायचं. न केलं तर आत पाणी साचतं आणि अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. लोखंडाचा गंज लाल असतो, लगेच दिसतो. हा पांढरा गंज रंगाखाली दडून बसतो. रंग जरा फुगलेला दिसला तरी आमचे वॉरंट ऑफिसर नखाने खरवडायचे, म्हणायचे, "फोड आहे, खाली पू असणार." अमेरिकेची जुनी विमानं अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात ठेवतात ती याचसाठी. तिथे हवा कोरडी, जमीन टणक. तिथल्या साठ्यातून एक बी-५२ २०१५ मध्ये आणि दुसरं २०१९ मध्ये बाहेर काढून पुन्हा सेवेत घेतलं, कारण चालू ताफ्यातली दोन गेली होती.

आता उपयोगाचं. मुलीला सांगा, १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये बी-५२ बनवणाऱ्या बोईंगचे अभियंते अमेरिकेतल्या डेटन शहरात आले होते. त्यांनी आणलेला आराखडा पंख्यांच्या इंजिनांचा होता. तिथल्या हवाई दलाने तो नको, जेटचा आणा म्हटलं. त्या माणसांनी हॉटेलच्या खोलीत बसून शनिवार-रविवारात नवा आराखडा केला, ३३ पानं लिहिली, बाजारातून बाल्सा लाकूड आणून छोटं विमान कोरलं आणि सोमवारी दोन्ही टेबलावर ठेवलं. त्यांनी केलं ते काम एकाच गोष्टीसाठी: खूप उंचावरून, खूप लांब जाऊन अणुबॉम्ब टाकायचा. तेच काम पुढे राहिलं नाही! शत्रूकडे उंचावर पोचणारी क्षेपणास्त्रं आली, तसं या विमानाला जमिनीलगत उडायला शिकवलं. व्हिएतनाममध्ये साधे बॉम्ब भरून नेलं. १९९१ च्या जानेवारीत लुइझियानाहून ७ बी-५२ निघाली, इराकच्या सीमेबाहेरूनच क्रूझ क्षेपणास्त्रं सोडली आणि कुठेही न उतरता घरी परतली. जवळपास ३५ तास आकाशात. अफगाणिस्तानात तीच विमानं तासन् तास घिरट्या घालत राहायची आणि खालच्या सैनिकाने जागा सांगितली की उपग्रहाच्या मदतीने नेमका बॉम्ब टाकायची. हॉटेलच्या खोलीतल्या माणसांच्या स्वप्नातही हे नव्हतं. त्यांनी दिलं ते एवढंच: ५६ मीटरचे पंख, भरपूर इंधन, ३१ टनांच्या आसपास वजन उचलायची ताकद आणि आत मोकळी जागा. मोकळी जागा, ताई! लढाऊ विमानात एक नवी पेटी बसवायची तर दुसरी काढावी लागते. बॉम्बरमध्ये जागा असते, वीज असते, माणसं बसलेली असतात.

दापोडीच्या कार्यशाळेत एसटीच्या जुन्या चासीवर नवी बॉडी चढवतात ते पुणेकरांना माहीत आहे. इथे उलटं आहे. बॉडी तीच, आतलं सगळं बदललं. रडार नवं, रेडिओ नवे, शस्त्रं नवी आणि आता इंजिनंही नवी येणार आहेत.

आपल्याकडचं विचारलंत. आपल्याकडे होती, आणि त्यांचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. पण हात दुखायला लागला, उद्या लिहितो.

भोसरी_फोर्ज

काका, वाचून बरं वाटलं. मी भोसरीत फोर्जिंगच्या कारखान्यात मटेरियल टेस्टिंग बघतो, विमानांशी थेट संबंध नाही, पण तडा हा माझा रोजचा विषय आहे. थोडी भर घालतो.

पोलादाला एक सीमा असते. ताण तिच्या खाली ठेवला तर तुम्ही ते कितीही वेळा वाकवा, सहसा तुटत नाही. अ‍ॅल्युमिनियमला तशी सीमा नाही. ताण कितीही थोडा असो, प्रत्येक झोका कुठेतरी मांडला जातो आणि कधी ना कधी तडा सुरू होतोच. म्हणून "हे विमान मजबूत आहे" या वाक्याला आमच्या धंद्यात अर्थ नाही. तडा कुठे सुरू होईल, किती तासांत किती वाढेल आणि धोकादायक व्हायच्या आत आपण किती वेळा तिथे डोकावणार, हे माहीत असेल तर विमान उडवता येतं. १९५४ मध्ये ब्रिटनची कॉमेट प्रवासी विमानं हवेत फुटली तेव्हा हे शहाणपण फार मोठी किंमत मोजून आलं.

बी-५२ लाही ते शिकावं लागलं. काकांनी जमिनीलगत उडायचं लिहिलं ना, ते या विमानाला भारी पडलं. खाली हवा खडबडीत असते. उंचावर एका तासात पंखाला जे झटके बसतात त्याच्या कित्येक पट खाली बसतात. पंखांची बांधणी नंतर बळकट करावी लागली. १९६४ च्या जानेवारीत तर एका बी-५२ चं शेपटीवरचं उभं पातं वादळी हवेत जवळजवळ पूर्ण तुटून गेलं, आणि तरी वैमानिकांनी ते सुखरूप उतरवलं. शेपटी नसलेल्या त्या विमानाचा हवेतला फोटो आहे, लेकीला शोधायला सांगा.

म्हणजे आज ते टिकलं आहे ते १९५२ मध्ये फार भारी बनवलं म्हणून नाही. त्याच्या चुका ७० वर्षांत सापडून गेल्या आहेत. नव्या विमानाच्या अजून सापडायच्या असतात.

धानोरीची_आई

दोघांचेही आभार. लेकीने काकांचं उत्तर दोनदा वाचलं. तो शेपटीचा फोटोही सापडला, तिने थेट आजोबांना नेऊन दाखवला.

तिचा एक प्रश्न आला आहे. नवी इंजिनं बसवणार तर तीही आठच का? आजकालच्या मोठ्या विमानांना दोन पुरतात. आठ जुनी काढून चार मोठी लावली तर काम कमी नाही का होणार?

जुना_फिटर

शाबास. हा प्रश्न तिथल्या अभियंत्यांनीही कित्येक वर्षं घोळवला. मोठं इंजिन लावलं आणि ते एका बाजूला बंद पडलं, तर विमान त्या बाजूला जोरात वळतं. त्याला सरळ ठेवायला शेपटीचं रडर, म्हणजे उभ्या पात्यावरची पायाने हलवायची फळी, लागतं आणि बी-५२ चं रडर त्याच्या अंगाच्या मानाने अरुंद आहे. आठातलं एक गेलं तर पायाने सांभाळता येतं. चारातलं एक गेलं तर शेपूट नव्याने बांधावी लागेल. शिवाय मोठं इंजिन पंखाखाली जमिनीच्या फार जवळ येतं. तेव्हा २०२१ मध्ये ठरलं ते असं: आठच, पण रोल्स-रॉइसची एफ-१३० जातीची. ७६ विमानं, प्रत्येकी ८, म्हणजे ६०८ इंजिनं आणि वर काही राखीव. कॉमर्सच्या ताईंना हिशेब जुळेल.

आता आपलं सांगतो.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्याकडे मोठं बॉम्बर एकही नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजांनी कानपूरला लिबरेटर जातीची बी-२४ विमानं टाकून दिली होती, कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून मोडूनतोडून. एचएएल या आपल्या विमान कारखान्याच्या माणसांनी त्या ढिगातून एकेक विमान उभं केलं. डागडुजी एवढीच की ते बंगळूरपर्यंत उडेल, आणि मग तिथे नीट दुरुस्ती. कानपूर ते बंगळूर ही उड्डाणं जमशेद मुन्शी नावाच्या एचएएलच्या वैमानिकाने केली. भंगारातून उठवलेलं विमान, अर्धी यंत्रं बंद, आणि हा माणूस ते घेऊन निघतो. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यातून आपलं पहिलं जड बॉम्बर पथक उभं राहिलं आणि ती विमानं १९६८ पर्यंत चालली, शेवटी समुद्रावर टेहळणी करत. नव्या देशाच्या हाती दुसऱ्याने फेकलेलं सामान आलं आणि त्यातून त्यांनी २० वर्षं काढली. या माणसांबद्दल शाळेत एक ओळ शिकवत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग १९५७ पासून कॅनबेरा आलं. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी लोहगावहून १२ कॅनबेरा उडाली, विंग कमांडर एन. बी. मेनन पुढे होते. गोव्याच्या दाबोळी धावपट्टीवर ६३ हजार पौंड बॉम्ब टाकले. हुकूम होता की धावपट्टी निकामी करा, इमारतींना धक्का लावू नका, आणि तो पाळला. आम्ही आलो तेव्हा त्या दिवशी विमानांवर बॉम्ब चढवणारी दोघं-तिघं जुनी माणसं अजून होती. चहाच्या सुट्टीत विचारलं की सांगायची, पण थोडंच. त्यांना बॉम्बपेक्षा आदल्या रात्रीची थंडी जास्त आठवायची.

कॅनबेराचं इंजिन सुरू करायला काडतूस लागायचं. स्टार्टरमध्ये काडतूस भरायचं, वैमानिकाने बटण दाबलं की धडाका, काळा धूर आणि सगळ्या टार्मॅकवर फटाक्यांचा वास. आजही लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत धूर भरला की माझ्या डोळ्यासमोर दिवाळी येत नाही, लोहगावची सकाळ येते.

आणि एक गोष्ट लेकीने लक्षात ठेवावी. आपल्या बॉम्बफेकी कॅनबेरात वैमानिकाला उडी मारायची खुर्ची होती. पुढे नाकात बसणाऱ्या नॅव्हिगेटरला नव्हती. त्याला हातपाय हलवत दारातून बाहेर पडावं लागणार. हे माहीत असूनही ती पोरं रोज नाकात जाऊन बसायची. त्यांची नजर आमच्यावर असायची, तोंडाने कुणी काही बोलायचं नाही. मी लॉकिंग वायर पिळताना मला त्या खुर्चीची आठवण असायची.

ताई, तुम्ही विचारलंत ना, स्वस्त म्हणून माणसांना धोक्यात घालतात का. एक प्रसंग सांगतो, तळाचं नाव सोडून देतो. मुख्य चाकाच्या बिजागराच्या फिटिंगवर मला केसाएवढी रेघ दिसली. दुसऱ्या दिवशी ते विमान सरावाला जाणार होतं. मी सांगितलं तर एकजण म्हणाला, रंगाचा ओरखडा आहे, सही करून टाक. मी केली नाही. रंग काढला, लाल रसायन लावलं, पुसलं, पांढरी पावडर फवारली. दहा मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. तडा होता. विमान थांबलं, सुटा भाग यायला पाच महिने लागले, तोवर ते हँगरच्या कोपऱ्यात जॅकवर. त्या पाच महिन्यांत ऐकून घ्यावं लागलं बरंच. पण त्या विमानाच्या नॅव्हिगेटरने एक दिवस येऊन काही न बोलता माझा हात हातात घेतला. जुनं विमान सुरक्षित ठेवता येतं, पण त्यासाठी सही न करणारा माणूस लागतो, आणि त्या माणसामागे उभा राहणारा अधिकारी. माझ्यामागे होता.

हेच कॅनबेरा कारगिलपर्यंत पोचलं. २१ मे १९९९ ला छायाचित्रं घ्यायला गेलेल्या आपल्या कॅनबेराच्या इंजिनावर खांद्यावरून डागलेलं क्षेपणास्त्र लागलं. ४० वर्षांच्या आसपासचं विमान, एका इंजिनावर श्रीनगरला उतरलं. मी तेव्हा निवृत्त होऊन घरी होतो. बातमी वाचून देव्हाऱ्यासमोर दिवा लावला. ११ मे २००७ ला आग्र्याला शेवटचं उड्डाण झालं, पूर्ण ५० वर्षं.

अमेरिकेच्या नासाकडे याच कुळातली डब्ल्यूबी-५७ अजून उडतात, हवामान आणि ग्रहणं बघायला. त्यातलं एक तर ४० वर्षं अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात पडून होतं, २०१३ मध्ये पुन्हा उडालं.

कागद_वाचणारा

फिटरकाकांबद्दल आदर आहे. त्या सहीच्या प्रसंगाबद्दल तर विशेष. पण या धाग्यावर चित्राची एकच बाजू येते आहे, म्हणून लिहितो.

१९७२ च्या डिसेंबरात व्हिएतनाममधल्या हनोईवर अमेरिकेचे ११ रात्री हल्ले झाले, त्यात १५ बी-५२ क्षेपणास्त्रांनी पाडली. जागं संरक्षण असलेल्या आकाशात हे विमान शिरू शकत नाही, हे ५० वर्षांपूर्वीच कळलं होतं. त्यानंतरचे त्याचे बहुतेक पराक्रम, ज्यांच्याकडे उंचावर मारा करणारं काही उरलेलंच नव्हतं अशांविरुद्ध आहेत. ते लांबून क्षेपणास्त्र सोडतं हे खरं, पण मग श्रेय विमानाचं की क्षेपणास्त्राचं?

दुसरं, रशियाचं जुनं बॉम्बर टीयू-९५. त्याचं उत्पादन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं. १ जून २०२५ ला युक्रेनने ट्रकमध्ये लपवलेले ड्रोन थेट रशियाच्या तळांजवळून सोडले आणि उघड्यावर उभी असलेली अशी विमानं जाळली. गेलेलं प्रत्येक विमान कायमचं गेलं, नवं बनवणारा कारखानाच नाही. एवढं मोठं विमान लपवता येत नाही, साध्या हँगरमध्ये मावत नाही. टिकाऊपणाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे बघावं.

आणि तिसरं. त्याच टीयू-९५ नी सोडलेली क्षेपणास्त्रं युक्रेनच्या शहरांवर पडत आहेत. लाओसमध्ये अमेरिकेने ५० वर्षांपूर्वी टाकलेले, न फुटलेले बॉम्ब आजही शेतात सापडतात, माणसं मरतात. "उपयोगी" हा शब्द वापरताना मला अडखळायला होतं. एनडीएला जाणाऱ्या मुलीला हेही सांगायला हवं.

जुना_फिटर

तुमचं तिसरं म्हणणं मी मान खाली घालून ऐकतो. आम्ही बॉम्ब चढवत होतो, ते कुठे पडतात ते बघायला आम्ही जात नव्हतो. दाबोळीला इमारती सोडा असा हुकूम होता म्हणून मला ती गोष्ट सांगताना अभिमान वाटतो. तसा हुकूम नसता तर मी ती अशी सांगितली नसती. लेकीला हे जरूर सांगा, ताई.

पहिल्या मुद्द्यालाही माझा विरोध नाही, पण श्रेयाचं बोलता तर वाहणाऱ्याचंही काम असतंच. क्षेपणास्त्र स्वतः १० हजार किलोमीटर चालत जात नाही. नव्या बॉम्बरचं काय झालं तेही बघा. बी-१ हे १९८० च्या दशकातलं, वेगवान, उडताना पंख मागे वळवणारं. अफगाणिस्तानात इतकं राबवलं की अंग झिजलं. बी-२ रडारला दिसत नाही, पण २१ च बनली आणि त्याच्या कातडीची निगा राखण्यातच लोक थकतात. अमेरिकेचा बेत असा आहे की ही दोन्ही आधी जातील, त्यांच्या जागी नवं बी-२१ येईल, आणि बी-५२ त्याच्याबरोबर राहील. शिरायचं काम नव्याने करायचं, ओझं वाहायचं काम जुन्याने.

१९८२ च्या फॉकलंडच्या लढाईत ब्रिटनची व्हल्कन बॉम्बर निवृत्तीला टेकली होती. हवेत इंधन घ्यायच्या त्यांच्या नळ्या वर्षानुवर्षं वापरल्या नव्हत्या, तेव्हा इतर देशांतल्या संग्रहालयांत ठेवलेल्या विमानांच्या काढून आणल्या. एका व्हल्कनला तिथवर पोचवायला ११ व्हिक्टर टँकर उडाले आणि तेही एकेकाळचे बॉम्बरच! २१ बॉम्ब टाकले, धावपट्टीवर एक लागला. तुमच्यासारखे म्हणतील की एवढा खटाटोप एका खड्ड्यासाठी. बरोबर आहे. पण संग्रहालयातून नळी काढून आणणारा जो फिटर असेल, त्याने ती तपासताना काय काय बघितलं असेल ते मला दिसतं.

आपल्या नौदलाचं टीयू-१४२ तर याच टीयू-९५ चं भावंड. १९८८ ला आलं, आधी गोव्याला, मग तमिळनाडूत अरक्कोणमला. २०१७ च्या मार्चमध्ये निवृत्त झालं. २९ वर्षं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यावर, आणि एकही अपघात नाही. मी वर पांढऱ्या भुकटीबद्दल लिहिलं आहे, त्यावरून या २९ वर्षांची किंमत समजा. त्यातलं एक विशाखापट्टणमला समुद्रकिनारी संग्रहालय म्हणून उभं आहे, आत जाता येतं. मी २०१९ ला बायकोला घेऊन गेलो होतो. लोक आत जाऊन फोटो काढत होते, मी खाली वाकून पाणी निघायची भोकं मोकळी आहेत का ते बघत बसलो. ती दोनदा हाका मारून पुढे निघून गेली.

भोसरी_फोर्ज

काका, होती का मोकळी?

जुना_फिटर

दोन बुजली होती. तिथल्या माणसाला दाखवली. त्याने लगेच तार आणली.

धानोरीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. कागद_वाचणारा यांचं उत्तर मी लेकीला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, लाओसचं मला माहीतच नव्हतं.

तिला अजून एक विचारायचं आहे. आतापर्यंत ती फक्त वैमानिक व्हायचं म्हणत होती. आता विचारते आहे की हवाई दलात अभियंता अधिकारी होऊन जायचं असेल तर बारावीला कुठले विषय ठेवावे लागतील. एनडीएतूनच जाता येतं की आधी इंजिनिअरिंग करावं लागतं? काका, तुम्हाला त्रास नसेल तर एखाद्या रविवारी तिला घेऊन भेटायला आलं तर चालेल का? फॉर्म ७०० कशी भरतात ते तिला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

जुना_फिटर

फिजिक्स आणि गणित सोडू देऊ नका. वाटा दोन्ही आहेत, येताना तिची वही घेऊन या, कागदावर काढून दाखवतो. रविवारी १० नंतर मी घरीच असतो. पत्ता व्यनि केला आहे. येताना जिन्याखालचा दिवा लावा, तिसरी पायरी जरा फुटकी आहे.